मोरा बंदराचे वेळापत्रक आणि व्यवसायाचे नेतृत्व
आर्थिक बातम्यांमधून उद्योजकाने घ्यावयाचे सहा व्यावहारिक धडे

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराकडे जाणाऱ्या लाँचने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. घड्याळापेक्षा येथे समुद्राचे वेळापत्रक मोठे. मोरा बंदरात गाळ साचतो. मोठ्या ओहोटीच्या वेळी धक्क्यापाशी पुरेसे पाणी राहत नाही आणि लाँच काही काळ बंद ठेवाव्या लागतात. नेहमीचा प्रवासी त्यामुळे तिथी पाहून घरून निघतो. नवखा प्रवासी मात्र धक्क्यावर तिष्ठत राहतो आणि लाँचवाल्याला बोल लावतो.

व्यवसाय चालविणाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडते. रोजच्या वर्तमानपत्रात अर्थविषयक बातम्या येतात. बंदर वाढले, आयात शुल्क बदलले, एखादा पूल खुला झाला, दूर देशी कुठे युद्ध पेटले. बहुतेक जण या बातम्या 'जगात काय चालले आहे' हे कळावे म्हणून वाचतात. थोडेच जण त्या बातमीत स्वतःच्या व्यवसायाची भरती-ओहोटी शोधतात. येणारी ओहोटी आधी मोजणे आणि पाणी असतानाच आपली नाव हलविणे, हे व्यावसायिक नेतृत्वाचे पहिले काम आहे. हे काम कसे करावे, याची उदाहरणे शोधण्यासाठी हार्वर्डपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. मोरा बंदर आणि त्याच्या शेजारचे न्हावा-शेवा यांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

मोरा आणि न्हावा-शेवा : पार्श्वभूमी

मोरा हे रायगड जिल्ह्यातील उरण शहरालगतचे जुने प्रवासी बंदर. नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला, मुंबई बंदराच्या खाडीपलीकडे ते वसले आहे. त्याच तालुक्यात २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. मुंबई बंदरावरील ताण कमी करणे, हा त्यामागचा मूळ हेतू. आज देशातील प्रमुख कंटेनर बंदरांमध्ये त्याची गणना होते. वीस फुटी कंटेनर हे एकक धरल्यास २०२४-२५ या आर्थिक वर्षात या बंदराने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. एकाच तालुक्यात एकीकडे भरतीची वाट पाहणारी लाँच आणि दुसरीकडे जगातील मोठ्या कंटेनर जहाजांचा मुक्काम, असे चित्र येथे दिसते. व्यवस्थापनाचे धडे या दोन्हीकडून मिळतात.

धडा पहिला : भूगोलाने दिलेली मक्तेदारी कायमची नसते

१२ जानेवारी २०२४ ही तारीख उरणकरांच्या स्मरणात राहील. शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू आणि खारकोपर ते उरण हा लोकल रेल्वेचा टप्पा, या दोहोंचे उद्घाटन त्या एकाच दिवशी झाले. सेतूची लांबी २१.८ किलोमीटर असून त्यातील सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जाण्याचा जवळचा मार्ग म्हणून लाँचला जे स्थान होते, त्याला एका दिवसात दोन पर्याय उभे राहिले.

पण यात 'अचानक' काहीच नव्हते. नेरूळ व बेलापूरहून खारकोपरपर्यंतची रेल्वे नोव्हेंबर २०१८ मध्येच सुरू झाली होती. सेतूचे खांब समुद्रात उभे राहताना धक्क्यावरचा प्रत्येक जण काही वर्षे पाहत होता. आपल्याकडे असंख्य दुकानदार, वितरक आणि वाहतूकदार यांची अशीच स्थिती होते. गल्लीच्या तोंडाशी मोठ्या साखळी दुकानाचा फलक लागतो, तरी 'आपले गिऱ्हाईक कुठे जाणार' या समजुतीत वर्ष निघून जाते.

अशा वेळी नेतृत्व करणाऱ्याने दोन प्रश्न विचारावेत. गिऱ्हाईक आपल्याकडे आवडीने येते, की दुसरा इलाज नाही म्हणून? आणि नवा पर्याय आल्यावरही जे राहतील, ते कशासाठी राहतील? लाँचच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आशादायक आहे. अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना प्रवेश नाही. मोटारीला एका फेरीसाठी २५० रुपये पथकर ठरविण्यात आला होता. उरणच्या लोकलने दक्षिण मुंबई गाठायची, तर नेरूळ किंवा बेलापूरला गाडी बदलावी लागते. म्हणजे माझगाव, डोंगरी, मशीद बंदर या भागांत कामाला जाणाऱ्याला थेट भाऊच्या धक्क्यावर उतरविणारी लाँच आजही सोयीची ठरू शकते. मात्र तिची वेळ खात्रीची हवी. प्रवासी स्वस्त-महाग एक वेळ सहन करतो. कामाला उशीर होणे त्याला परवडत नाही. गाळाची अडचण वर्षानुवर्षे 'नैसर्गिक' म्हणून सोडून दिली जाते, तेव्हा प्रवाशाला दुसऱ्या मार्गाची सवय लागते. आपल्या व्यवसायात असा कोणता गाळ साचला आहे, हे प्रत्येकाने एकदा तपासून पाहावे.

धडा दुसरा : स्पर्धकाला आपल्याच अंगणात जागा देण्याचे धैर्य

१९९०च्या दशकात न्हावा-शेवा येथील सरकारी बंदराने एक वेगळा निर्णय घेतला. आपल्याच आवारात पी अँड ओ या परदेशी कंपनीला स्वतंत्र कंटेनर टर्मिनल उभारून चालविण्यास दिले. १९९९ मध्ये सुरू झालेले हे टर्मिनल देशातील खासगी कंटेनर टर्मिनलांमधील आरंभीचे उदाहरण ठरले. काही वर्षांतच त्याने बंदराच्या स्वतःच्या टर्मिनलपेक्षा अधिक माल हाताळून दाखविला.

घरच्याच अंगणात पाहुणा पुढे जातो, तेव्हा यजमानाच्या मनाला ते लागतेच. पण त्यामुळे जहाज किती तासांत रिकामे व्हावे, एका क्रेनने तासाला किती कंटेनर उचलावेत, याचे नवे मोजमाप सर्वांच्या डोळ्यांसमोर आले. पुढे २००६ मध्ये मर्स्क समूहाच्या भागीदारीतील जीटीआय हे टर्मिनल आले. २०१८ मध्ये सिंगापूरच्या पीएसए कंपनीचे टर्मिनल सुरू झाले. त्याचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये खुला झाला आणि त्या एका टर्मिनलची वार्षिक क्षमता ४८ लाख कंटेनरांवर पोहोचली. २०२२ मध्ये तर बंदराने आपले स्वतःचे कंटेनर टर्मिनलही तीस वर्षांच्या कराराने खासगी कंपन्यांकडे सोपविले. देशातील प्रमुख बंदरांपैकी पूर्णतः 'जमीनमालक' स्वरूपात काम करणारे हे पहिले बंदर ठरले.

आपण नेमके कशात चांगले आहोत, हे ओळखून बाकीचे काम दुसऱ्याच्या हाती देणे, हा येथील बोध होय. अनेक कौटुंबिक उद्योगांत संस्थापक कारखानाही चालवितो, वसुलीही करतो, गाडीत माल भरतानाही उभा राहतो. त्यात कष्ट असतात, पण वाढीला मर्यादा पडते. अर्थात, काम सोपविणे म्हणजे जबाबदारी झटकणे नव्हे. जमीनमालक बंदरालाही खाडीची खोली, रस्ते, रेल्वे आणि सुरक्षा यांची काळजी वाहावीच लागते. टर्मिनल कोणीही चालवो, वाट बुजली तर सर्वांचेच जहाज अडते.

धडा तिसरा : आपली अरुंद वाट कोणती, हे आधीच ओळखा

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलंडले, शेकडो कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरले. मुंबई आणि न्हावा-शेवा ही दोन्ही बंदरे काही दिवस बंद ठेवावी लागली. बंदरे दोन होती, टर्मिनले अनेक होती, पण समुद्रातून आत येण्याची वाट एकच होती. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा धंदाही बसला. तेलाच्या भीतीने ग्राहकांनी मासळीकडे पाठ फिरविली. या टकरीशी त्या मासेविक्रेत्या महिलांचा काय संबंध होता? तरीही तिची झळ त्यांच्या टोपलीला लागली.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा हाच प्रसंग मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडला. सुएझ कालवा टाळून अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. युरोपच्या प्रवासाला दहा ते पंधरा दिवस अधिक लागू लागले आणि भाडेही वाढले. नेमका तोच नाशिकच्या द्राक्षांच्या निर्यातीचा हंगाम होता. नाशवंत मालासाठी पंधरा दिवस ही फार मोठी मुदत आहे.

टिकाऊ मालाच्या निर्यातदारालाही हे दिवस फुकट मिळत नाहीत. समजा, तळोज्यातील एखादा कारखानदार दरमहा ६० लाख रुपयांचा माल युरोपला पाठवितो आणि माल पोहोचल्यावर त्याला पैसे मिळतात. प्रवास पंधरा दिवसांनी लांबला, की त्याचे आणखी ३० लाख रुपये सतत समुद्रात अडकून राहतात. वर्षाला १२ टक्के व्याज धरले, तर दरमहा ३० हजार रुपयांचा हा नवा खर्च झाला. विक्री तीच, नफ्याचा दर कागदावर तोच. मात्र बँकेची कर्जमर्यादा तेवढी नसेल, तर पगाराच्या दिवशी तारांबळ उडते. 'येमेनजवळ जहाजावर हल्ला' ही बातमी वाचल्याबरोबर ज्याने हे गणित मांडले आणि बँकेत जाऊन मर्यादा वाढवून घेतली, तो तरला. ज्याने पैसे संपल्यावर बँक गाठली, त्याला वाटाघाटीचे बळ उरले नाही.

धडा चौथा : संकटात माहिती दडवू नका

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या संगणकीय हल्ल्याने जगभरातील अनेक कंपन्यांची यंत्रणा ठप्प केली. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिचे न्हावा-शेवा येथील जीटीआय टर्मिनलही. कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे, हे सांगणारी यंत्रणाच बंद पडल्यावर कंटेनरांचा डोंगर म्हणजे नुसते लोखंड उरते. कंपनीला एकूण २५ ते ३० कोटी डॉलरचा फटका बसला.

पुढे जे घडले, ते अभ्यासण्यासारखे आहे. कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष जिम हॅगेमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे जाहीरपणे माहिती दिली. चार हजार सर्व्हर, ४५ हजार संगणक आणि अडीच हजार प्रणाली दहा दिवसांत नव्याने उभ्या कराव्या लागल्या. त्या काळात माणसांनी हाताने नोंदी करून बहुतांश काम चालू ठेवले. सायबर सुरक्षेच्या बाबतीत आपली कंपनी सर्वसाधारण दर्जाचीच होती, हेही त्यांनी मान्य केले. विशेष म्हणजे, कंपनीच्या संगणक जाळ्याची कळीची नोंद वाचली ती घानामधील एका कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती.

आपल्याकडे अडचण आली, की ती प्रथम ग्राहकापासून, मग कामगारांपासून आणि शेवटी स्वतःपासूनही लपविण्याकडे कल असतो. त्यामुळे मदतीचे मार्ग बंद होतात. मोठ्या कंपनीचा अध्यक्ष 'आम्ही कमी पडलो' असे जगासमोर म्हणू शकतो, तर लहान कारखानदाराने आपल्या दहा ग्राहकांना दूरध्वनी करून 'माल चार दिवस उशिरा येईल' एवढे सांगण्यात कमीपणा मानू नये. आणखी एक साधी गोष्ट. हिशेब, ग्राहकांची यादी आणि येणी यांची एक प्रत रोजच्या संगणकाशी न जोडलेल्या जागी ठेवावी. घानाच्या विजेवर विसंबून राहण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

धडा पाचवा : एका सहीवर उभा असलेला धंदा

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ती उठली ४ मे २०२४ रोजी, तीही किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्काच्या अटींसह. शहरातील ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा, हा सरकारचा हेतू होता. नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या आणि निर्यातदाराच्या दृष्टीने मात्र एका आदेशाने बाजारच बंद झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा कापड, दागिने, कोळंबी या उद्योगांवर तशीच वेळ आली. पुढे वाटाघाटी झाल्या, पण त्या होईपर्यंतचे महिने प्रत्येकाला स्वतःच्या बळावर काढावे लागले.

असे निर्णय योग्य की अयोग्य, ही चर्चा वेगळी. व्यवसाय चालविणाऱ्याचा प्रश्न असा, की माझी किती विक्री एकाच देशावर, एकाच ग्राहकावर किंवा एकाच सरकारी आदेशावर अवलंबून आहे? विक्रीचा अर्ध्याहून अधिक वाटा एका ठिकाणी असेल, तर चांगल्या दिवसांत दुसरा बाजार शोधायला लागावे. तो बाजार सुरुवातीस कमी नफा देईल. त्या कमी नफ्याकडे विम्याचा हप्ता म्हणून पाहावे.

धडा सहावा : ज्यांच्या भूमीवर उभे आहोत, त्यांचा हिशेब

या परिसराची प्रगती लिहिताना जानेवारी १९८४ विसरता येत नाही. नवी मुंबईसाठी संपादित केलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी रोजी उरण तालुक्यात जासई आणि नवघर परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. या लढ्यातूनच प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले आणि नंतर ते इतरत्रही मार्गदर्शक मानले गेले. मात्र न्हावा-शेवा बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना त्यासाठी किती थांबावे लागले पाहा. बंदर सुरू झाले १९८९ मध्ये आणि त्यांच्यापैकी काहींच्या हाती या भूखंडांची इरादापत्रे पडली ती ऑगस्ट २०१४ मध्ये.

समुद्रावर जगणाऱ्यांचा हिशेब तर त्याहून उशिरा मांडला गेला. बंदराच्या विस्तारामुळे उपजीविका गमावलेल्या उरण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई द्यावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने फेब्रुवारी २०१५ मध्ये दिला. प्रकरण त्यानंतर सर्वोच्च न्यायालयातही गेले.

व्यवस्थापनाच्या भाषेत याला 'सामाजिक खर्च' म्हणतात आणि तो ताळेबंदाच्या बाहेर ठेवला जातो. प्रत्यक्षात तो नाहीसा होत नाही. व्याजासह परत येतो, आणि तोपर्यंत एक पिढी म्हातारी झालेली असते. लहान उद्योजकालाही हा नियम लागू आहे. शेजारच्या वस्तीतील नाल्यात सोडलेले पाणी, कंत्राटी कामगाराचा थकविलेला भविष्यनिर्वाह निधी, पुरवठादाराचे महिनोन्‌महिने अडविलेले पैसे, हे सारे कर्जच आहे. चांगला नेता ते कर्जाच्या रकान्यातच लिहितो.

बातमी वाचताना : अर्ध्या तासाची बैठक

वरील धडे नुसते वाचून उपयोग नाही. आठवड्यातून एकदा, उदाहरणार्थ शनिवारी संध्याकाळी, हिशेबनीस, उत्पादन पाहणारा आणि विक्री सांभाळणारा अशा दोन-तीन सहकाऱ्यांना घेऊन बसावे. आठवड्यातील तीन आर्थिक बातम्या निवडून प्रत्येकीला पुढील प्रश्न विचारावेत.

• ही बातमी आपल्या कच्च्या मालाला, मार्गाला, ग्राहकाला की पैशाला स्पर्श करते? यांपैकी कशालाच नसेल, तर ती सोडून द्यावी.
• तिचा परिणाम किती दिवसांनी आपल्या दारात येईल? अंदाज चुकला तरी चालेल, पण आकडा लिहून ठेवावा.
• आवक पूर्ण थांबली, तर हातातील रोकड किती दिवस पुरेल?
• या बदलाची झळ आपल्याआधी कोणाला लागेल? कामगाराला, पुरवठादाराला की शेजाऱ्याला?
• येत्या सोमवारी आपण कोणती एक गोष्ट वेगळी करणार आणि ती कोण करणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. उत्तरापुढे एका माणसाचे नाव आणि तारीख नसेल, तर ती बैठक नुसत्या गप्पा ठरते. तीन महिन्यांनी जुनी पाने उलटून आपले अंदाज किती खरे ठरले, हेही पाहावे. सुरुवातीस निम्मे चुकतील. चुकांची नोंद ठेवणाऱ्याचा अंदाज पुढे सुधारतो, हा अनुभव आहे.

बैठकीत सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याला प्रथम बोलू द्यावे. मालक आधी बोलला, की इतरांचे मत मालकासारखेच होते. गोदामात उभा राहणारा मुलगा गाड्या उशिरा येऊ लागल्याचे मालकाच्या कितीतरी आधी पाहत असतो.

पुढची भरती

या परिसरात पाणी अजून स्थिर झालेले नाही. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे नव्या महाबंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आहे. तेथेही मच्छीमारांचा विरोध आहे, आणि सहाव्या धड्याची परीक्षा यजमानाला पुन्हा एकदा द्यायची आहे. उरण, पनवेल, तळोजे परिसरातील वाहतूकदार, गोदाममालक, लहान कारखानदार आणि दुकानदार यांच्यासाठी या बातम्या म्हणजे संधी आहेत, तसा इशाराही आहे. विमानतळाजवळ जमिनीचे भाव वाढतात, तेव्हा गोदामाचे भाडेही वाढते. तेव्हा भाडेकरार किती वर्षांचा आहे, हे आजच काढून पाहिलेले बरे.

मोरा बंदराकडे येणारा लाँचचा तांडेल भरती-ओहोटीचे कोष्टक कोणाला भाषण देण्यासाठी पाठ करीत नाही. लाँचमधील माणसे वेळेवर आणि सुखरूप उतरावीत, एवढ्यासाठी त्याला ते माहीत असावे लागते. व्यवसायाच्या प्रमुखाने सकाळचे वर्तमानपत्र उघडावे तेही याच जबाबदारीने. त्याच्या निर्णयावर ज्यांची घरे चालतात, ती माणसे त्याच नावेत बसलेली असतात.